वस्तऱ्याची दाढी सुरू करायचीय? आधी पट्टा बघा, वस्तरा नंतर

घरी वस्तऱ्यानं दाढी करायची म्हणून सामान शोधायला बसलं की ऑनलाइन पहिल्यांदा दिसतो तो लाकडी पेटीतला सेट. वस्तरा, त्याची धार सरळ करायचा चामडी पट्टा, ब्रश, वाटी, सगळं मखमलीत बसवलेलं, फोटो बघितला की वाटतं बास, हेच पाहिजे. माझं मत आधीच सांगतो, असली पेटी घेऊ नका. एका मित्रानं घेतलेली मी नीट तपासून बघितलीय. वस्तरा काचेवर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही काचेला सलग टेकायला पाहिजेत, हा मधेच डुगडुगत होता म्हणजे पातंच वाकडं. पट्टा म्हणून जे दिलेलं ते पातळ रेक्झिनसारखं काहीतरी आणि मागं पुठ्ठा चिकटवलेला. वर डब्यावर लिहिलंय वापरायला तयार, आणि इथं हातावरचा एक केस निघंना. नवीन माणूस असल्या पात्यानं गाल खरवडून घेतो, आग आग होते, आणि मग म्हणतो हे आपलं काम नव्हे. अरे धारच नव्हती तर जमणार कसं?

म्हणून हे लिहायला घेतलं. पैसे थोडे असले तर कशावर आधी घालायचे आणि कशावर अजिबात नाही, आणि कोल्हापुरात बसून यातलं काय काय मिळतं ते सांगतो. माझा क्रम असा आहे की चांगला पट्टा, मग धार लावून आलेला साधा वस्तरा, मग साबण-ब्रश, आणि धार लावायचे दगड सगळ्यात शेवटी. दुकानवाले बरोबर उलटं विकतात कारण वस्तरा दिसायला देखणा असतो आणि पट्टा म्हणजे नुसतं चामडं.

पट्टा एवढा महत्त्वाचा का ते आधी सांगतो. वस्तऱ्याची धार इतकी बारीक असते की एका दाढीतच ती जागोजागी किंचित वळते, डोळ्याला दिसत नाही पण पुढच्या दाढीला गालाला कळतं. पट्ट्यावर फिरवलं की ती परत सरळ होते. रोज दाढीच्या आधी पट्ट्यामागच्या कापडी पट्टीवर पंचवीस-तीस हात, म्हणजे फेऱ्या, आणि चामड्यावर पन्नास-साठ हात, एवढं केलं तर एकदा नीट लावलेली धार कित्येक महिने चालते. पट्टा खराब असला तर पंधरा हजाराचा जर्मन वस्तराही काही दिवसात बोथट. आणि दुसरी गोष्ट, शिकताना पहिल्या पट्ट्याला कधी ना कधी चिरा पडतातच, मनगट वळताना धार चामड्यात घुसते, प्रत्येकाचं होतं. त्यामुळं पहिला पट्टा महागडा नको पण खऱ्या चामड्याचा पाहिजे. हे दोन्ही एकत्र कुठं मिळणार तर आपल्या गावात.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, पारंपरिक पद्धत तीच. असलं झाडपाल्यावर कमावलेलं चामडं घट्ट असतं, सहज ताणत नाही आणि पात्याला हलकी ओढ देतं. वस्तऱ्याच्या पट्ट्याला हेच पाहिजे. परदेशातल्या चांगल्या पट्ट्यांवर सुद्धा कौतुकानं लिहिलेलं असतं की चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं आहे म्हणून, आणि त्याचे चार-पाच हजार घेतात. आपल्याकडं त्याच जातीचं चामडं घेऊन पिढ्यान्‌पिढ्या लोक बसलेत.

मी चप्पल लाईनच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजाराच्या, बाजूला एका वयस्कर कारागिराकडं गेलो. म्हटलं, मामा, वस्तऱ्याला लावायचा पट्टा करून पाहिजे, तीन इंच रुंद, वीस इंच लांब, रंग नको, तेल नको, वेणी-नक्षी काही नको. मामांनी दोन मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. मग आतून दोन-तीन तुकडे आणले आणि एक बाजूला सारून म्हणाले, "ह्यो पोटाकडचा हाय, ताणतोय. पाठीचा घ्या." मग तो तुकडा दोन्ही हातात धरून वाकवून दाखवला, वरच्या गुळगुळीत बाजूवर कुठं बारीक सुरकुती, गोचिडीचा डाग, जुनी जखम दिसते का ते उजेडात धरून बघितलं, कारण पातं अशा जागी अडखळतं. चपलेच्या तळव्याचं चामडं जाड असतं, तसंच टांगलं तर फळीसारखं ताठ राहील, म्हणून मागच्या बाजूनं रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या हत्यारानं, पातळ करत गेले, थोडं काढायचं, वाकवून बघायचं, परत थोडं काढायचं. जाडी तीन मिलीमीटरच्या आसपास आली तेव्हा थांबले. कडा इतक्या सरळ कापल्या की पट्टी लावून बघायची गरज पडली नाही. एका टोकाला लोखंडी कडी, दुसऱ्या टोकाला धरायला दुमडून शिवलेली मूठ. पाचशेच्या आत काम झालं आणि मी जे ऑनलाइनचे पट्टे हाताळलेत त्यातल्या बऱ्याचशांपेक्षा हा चांगला आहे, हे मी गावाचा म्हणून म्हणत नाही, पट्ट्यावरून आलेली धार गालावर लागते तेव्हा कळतं.

मागच्या कापडी पट्ट्याला ताडपत्रीच्या दुकानातलं जाड सुती कॅनव्हास घेतलं. नायलॉनचं नको. ते आधी गरम पाण्यात धुवायचं कारण नव्या कापडाला खळ असते, मग वाळवून इस्त्री मारून तीन इंचाची पट्टी शिवून घ्यायची, त्याच कडीत अडकते.

उणीवही सांगतो. नवीन असताना पट्टा कोरडा वाटतो, ओढ कमी असते. यावर तेल ओतू नका. तळहातानं रोज पाच मिनिटं घासायचं, हाताची ऊब आणि हाताचं तेल पुरतं, महिन्याभरात रंग गडद होतो आणि ओढ येते. आणि पावसाळ्यात कडा किंचित वळतात. तेव्हा गुंडाळून ठेवायचा नाही, सरळ टांगून ठेवायचा. ज्यांना लटकता पट्टा जमत नाही, सैल धरला की धार गोल होते, त्यांनी तोच तुकडा सागवानाच्या फळीवर चिकटवून घ्यावा. फळीवर चामडं मऊ नसलं तरी चालतं, आणि नवीन हाताला ते सोपं पडतं. पातं फिरवताना मात्र धार मागं आणि पाठ पुढं, आणि टोकाला आलं की पाठीवरनं पलटायचं, पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही. एवढं एक पाळलं तर पट्टा वाचतो.

आता वस्तरा. नव्या माणसाला रुंदी ५/८ इंच, टोक गोल, पातं दोन्ही बाजूनं खोलगट घासलेलं, बस्स. टोकदार कोपऱ्याचा वस्तरा मिशीखाली बारीक काम करायला भारी असतो पण कानाच्या पाळीला आणि नाकाला तो कोपरा लागतो, तो नंतर घ्या. ६/८ जरा जड, फेस जास्त पेलतो, हात बसल्यावर मजा येते.

कंपनी म्हणाल तर जर्मनीतलं झोलिंगन हे या धंद्याचं गाव, डोव्हो तिथलीच, १९०६ पासूनची. झोलिंगन हे नाव कुणीही उठून पात्यावर मारू शकत नाही, १९३८ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे, माल त्या भागात बनलेला असेल तरच ते नाव. आपल्या चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो याच जातीचा हक्क, आणि त्यासाठी इतकी वर्षं जावी लागली याचं मला अजून वाईट वाटतं. असो. डोव्होचा साधा काळ्या मुठीचा वस्तरा सगळा खर्च धरून पाच आकड्यात जातो. वस्तरा उत्तम आहे, आयुष्यभर टिकतो, पण आवडेल का नाही हे माहीत नसताना एवढे पैसे घालू नका.

स्वस्तात गोल्ड डॉलर ६६ म्हणून चिनी वस्तरा येतो, हजाराच्या आसपास. याच्याबद्दल लोक दोन टोकाचं बोलतात आणि दोघंही खरं बोलतात. पोलाद चांगलं आहे, धार धरतं. पण कारखान्यातून येतो तेव्हा धार दाढीच्या लायकीची नसते, आणि मुठीजवळचा पात्याचा जाड भाग धार लावताना दगडावर चढतो त्यामुळं टाचेकडची धार लागत नाही. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडून धार लावून घेतला तर या पैशात याच्यासारखा वस्तरा नाही. न लावता वापरला तर गाल सोलून निघणार. देशात काही हौशी मंडळी कुरिअरनं वस्तरा मागवून धार लावून परत पाठवतात, मी तसाच करून घेतला आणि माझी शिफारस पण तीच. वस्तऱ्याच्या निम्मी किंमत धारेला गेली तरी द्या.

पण एक कळकळीचं सांगणं आहे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारे जे चाकावर लावतात, त्यांच्याकडं वस्तरा देऊ नका. ते लोक सुरीचं काम चोख करतात, त्यांचा दोष नाही, पण फिरत्या चाकावर एवढं पातळ पातं क्षणात तापतं आणि तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, मग धार धरतच नाही. वस्तऱ्याची जाड पाठ ही नुसती धरायला नसते, दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून घासलं की कोन आपोआप बरोबर बसतो. चाकावर ती पाठच वेडीवाकडी घासली जाते आणि मग कुठलाही दगड आणला तरी उपयोग नाही.

घरात आजोबा-पणजोबांचा वस्तरा असेल तर आधी तो काढा. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे किंवा झोलिंगनचे शिक्के असलेले जुने वस्तरे ट्रंकेत पडलेले असतात आणि नव्यापेक्षा बरे निघतात. वरवरचा गंज निघतो. गंजाचे खड्डे अगदी धारेवर आले असतील तर सोडून द्या. धारेवरून नख अलगद बाजूनं न्यायचं, कुठं अडकलं तर चीर आहे, असला वस्तरा शोभेला ठेवा, तोंडाला लावू नका. धार मधे आत गेलेली, दोन्ही टोकं पुढं, असा बाक असेल तरी नको.

सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालायचा जो वस्तरा असतो त्यानं सुरुवात करू का, हा प्रश्न सगळे विचारतात. दीड-दोनशेला मिळतो, ब्लेड दोन-चार रुपयाला, पट्टा नको, धार नको. रक्तातून पसरणाऱ्या आजारांच्या धोक्यामुळं सलूनला दर गिऱ्हाईकाला नवीन ब्लेड हीच पद्धत बरोबर. पण घरी शिकायला तो जास्त अवघड आहे असं माझं स्पष्ट मत. वजन नाही त्यामुळं हात दाबला जातो, ब्लेडचे कोपरे टोकदार, आणि चूक झाली की तो माफ करत नाही. खरा वस्तरा जड असतो, स्वतःच्या वजनानं खाली येतो, आणि खोलगट पातं खुंटावरून जाताना सर्र सर्र असा आवाज देतं, त्या आवाजावरून कोन बरोबर आहे का नाही ते कळतं. तेव्हा अर्ध्या ब्लेडवाल्यानं कापलं म्हणून सगळा नाद सोडू नका. कोन समजून घ्यायला घ्यायचा तर घ्या, त्यावरून निकाल देऊ नका.

साबण आणि ब्रश यात उगाच गुंतून पडू नका. डब्यातला फसफसणारा फोम मात्र नको, त्यात हवाच जास्त, घसरण नाही, आणि वस्तऱ्याला घसरण पाहिजे. किराणा दुकानातलं ट्यूबचं क्रीम, गोदरेज म्हणा पामोलिव्ह म्हणा, ब्रशनं नीट फेटलं तर लई भारी काम देतं. फरक फेटण्यात आहे. ब्रश ओला करून झटकायचा, बदामाएवढं क्रीम, आणि थेंब थेंब पाणी घालत दोन मिनिटं फिरवायचं. आधी मोठमोठे बुडबुडे येतात, तिथं थांबायचं नाही, फिरवत राहिलं की बुडबुडे नाहीसे होऊन फेस घट्ट आणि चकचकीत होतो, दह्याच्या सायीसारखा, तेव्हा तो झाला. बोरिंगच्या जड पाण्यात फेस उठत नाही, नळाचं नाहीतर फिल्टरचं एक वाटी पाणी घ्या, लगेच फरक पडतो. पुढं हौस वाटली तर इटलीचं प्रोरासो, निलगिरी-मेंथॉलवालं हिरवं, उन्हाळ्यात चेहरा गार पडतो, पण ती चैन झाली.

ब्रश सिंथेटिक घ्या, २४ मिलीमीटरच्या आसपासचा. बॅजर नावाच्या प्राण्याचा केस मऊ, डुकराच्या केसाचा ब्रश कडक आणि तो आधी भिजवावा लागतो, वापरून वापरून मऊ होतो. दोन्ही चांगले. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं चार चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा जनावराच्या केसाचा ब्रश वाळतच नाही आणि वास धरतो. सिंथेटिक तासाभरात कोरडा. वाटी स्टीलची घरातलीच चालते, वेगळी घेऊ नका.

तुरटी. काष्ठौषधीच्या दुकानात दहा-वीस रुपयात मोठा खडा मिळतो, वर्ष वर्ष संपत नाही. दाढी झाल्यावर गार पाण्यानं तोंड धुऊन ओला खडा सगळीकडं फिरवायचा, मिनिटभर तसंच ठेवून तोंड धुवायचं. बारीक रक्त थांबतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण शिकणाऱ्याला त्याचा दुसरा फायदा मोठा आहे, जिथं चुरचुरलं तिथं आज हात दाबला गेला होता. रोज खडा सांगतो, दुसऱ्या दिवशी तिथं हलकं घ्यायचं. आणि दाढी करताना बोटं साबणानं घसरतात, कातडी ताणून धरता येत नाही, तेव्हा बोटाला थोडी तुरटी चोळली की पकड येते.

सुरुवातीला फक्त दोन्ही गाल, कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, केसाच्या दिशेनं. बाकीचं रोजच्या रेझरनं उरकून घ्या. पातं गालापासून साधारण तीस अंशावर, म्हणजे पाठ आणि गाल यात पाठीच्या दुप्पट जाडीचं अंतर. दुसरा हात कायम कातडी ताणायला. हनुवटी आणि गळा नंतर, हनुवटीला गोलाई असल्यामुळं तिथंच सगळ्यांचं कापतं. उलटी दाढी तर महिना-दोन महिने विसराच, सुलटीच दोनदा फेस लावून केली तरी गुळगुळीत होते. ऑफिसची घाई असताना वस्तरा हातात धरू नका, रविवार सकाळ बरी.

पावसाळ्याचा विषय वेगळा काढतो कारण कोल्हापुरात वस्तरे वापरून कमी आणि गंजून जास्त जातात. हे पोलाद कार्बनचं असतं, स्टेनलेस क्वचित. बाथरूममध्ये वस्तरा ठेवायचाच नाही. दाढी झाली की पातं धुऊन टिश्यूनं पुसायचं, पाठीकडून धारेकडं, मुठीच्या दोन फळ्यांच्या मधे टिश्यूची घडी घालून तिथलं पाणी काढायचं, कारण खिळीपाशी थेंब राहतो आणि गंज तिथूनच धरतो. मग शिलाई मशीनचं तेल बोटानं एक पुसट थर. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होतं. बुटांच्या बॉक्समध्ये येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकू नका, वस्तऱ्याच्या डब्यात ठेवा. चामड्याच्या पाकिटात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं.

आता दगड. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. एक हजार नंबरचा, तीन-चार हजाराचा, आठ हजाराचा आणि वर बारा हजाराचा, असा पूर्ण संच जमवला तर चांगल्या वस्तऱ्यापेक्षा महाग पडतो, आणि नवीन माणसानं दगडाला हात लावला की आहे ती धार पण जाते. पहिलं वर्ष दगड घेऊच नका. चार-सहा महिन्यांनी धार खेचायला लागली तर फळीवर चिकटवलेल्या वेगळ्या चामड्याच्या तुकड्यावर ०.५ मायक्रॉनचं क्रोमियम ऑक्साइड अगदी पुसट लावून आठ-दहा हात मारायचे, धार परत येते. ही हिरवी पूड मोजून मापून आलेलीच घ्या. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बफिंगला वापरतात तो हिरवा खडा भांडी-धातू चमकवायला असतो, त्यात मेण असतं आणि कण लहान-मोठे, तो वस्तऱ्याला लावू नका. आणि हे लावलेला तुकडा रोजच्या पट्ट्यापासून लांब ठेवा, पूड एकदा पट्ट्यात शिरली की निघत नाही.

पुढं स्वतः धार लावायचीच असेल तर दगडाच्या आधी एक मायक्रॉनची लॅपिंग फिल्म घेऊन बघा. अगदी बारीक पॉलिश कागदासारखी असते, दोन-चारशे रुपयात काम भागतं. खाली सपाट काच पाहिजे, काचेच्या दुकानात आठ मिलीमीटर जाडीचा तुकडा कडा घासून मागा. काचेवर पाणी शिंपडून फिल्म चिकटवायची, पाठ आणि धार दोन्ही टेकवून धार पुढं ठेवून पंधरा-वीस हलके हात, नुसतं वस्तऱ्याचं वजन, दाब नाही. मग कॅनव्हास, मग चामडं, आणि मग गालावर लावून बघा.